पाटी मुंबईची, रस्ता आमण्यापर्यंत: समृद्धी महामार्ग चालवणाऱ्यांना खुलं पत्र

मेहकर, जि. बुलढाणा
ऑक्टोबर २०२५

प्रति,
समृद्धी महामार्गाची आखणी, देखभाल आणि टोलवसुली ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी. तसंच या महामार्गाला मिळणारे रस्ते ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व विभाग

महोदय,

मी मेहकरचा. माझी सात सीटची एक गाडी आहे आणि ती मी स्वतःच भाड्यानं चालवतो. लग्न, देवदर्शन, विमानतळ, सगळी भाडी मारतो. पण निम्म्याहून जास्त धंदा पेशंटचा. परळला टाटा हॉस्पिटलला किंवा केईएमला जाणारी आमच्या भागातली माणसं आदल्या दिवशी फोन करतात आणि एकच गोष्ट विचारतात: ‘दादा, उद्या दहाचा नंबर आहे, किती वाजता निघायचं?’

मेहकर ते आमणे, म्हणजे समृद्धी जिथं संपते तिथपर्यंत, किती तास लागतील हे मी झोपेतही सांगेन. आमण्यापासून परळपर्यंत किती लागतील हे मात्र मला सांगता येत नाही. मलाच काय, त्या रस्त्यावर रोज असणाऱ्या ठाण्या-भिवंडीच्या माणसालाही सांगता येत नाही. म्हणून मी पेशंटला तीन तास आधी काढतो. केमो घेणाऱ्या माणसाला मध्यरात्री उठवून गाडीत बसवायचं आणि मग पहाटे परळच्या फुटपाथवर नंबर लागेपर्यंत बसवून ठेवायचं. नाहीतर उशिरा निघून ठाण्याच्या साकेत पुलावर घड्याळाकडं बघत बसायचं. दोन्ही मी पाहिलंय.

हे पत्र रस्त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. जुना नागपूर–मुंबई रस्ता आमच्या मेहकरातूनच जायचा. कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा. रात्रीच्या ट्रॅव्हल्स इथं चहाला थांबायच्या. धाबेवाले, पंक्चरवाले, टायरवाले त्यावर जगायचे. नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा बसला. तरीही या रस्त्याला आमच्याकडं कुणी वाईट म्हणत नाही. ७०१ किलोमीटर, सहा पदरी, दहा जिल्ह्यांतून आणि ३९२ गावांतून जाणारा. इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा झाल्यापासून तर कसारा घाटाची धास्तीच गेली. पावसाळ्यात धुकं उतरलं की त्या घाटात ट्रकच्या मागं ट्रक लागायचे आणि मागच्या सीटवर झोपवलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी प्रत्येक वळणाला हलायचं. आता ते होत नाही. त्याबद्दल आभार, मनापासून.

तक्रार रस्त्याची नाही, त्याच्या टोकांची आहे. आणि मधल्या दारांची.

हे टोक कसं सरकत आलं ते आम्ही पाहिलंय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाले, तेव्हा मुंबईची सगळी वाहनं कोपरगावला उतरून सिन्नर–घोटीच्या रस्त्याला लागायची. २६ मे २०२३ ला रस्ता भरवीरपर्यंत आला, की गर्दी घोटीला. मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत आला, की कसाऱ्याच्या तोंडाला. ५ जून २०२५ ला आमण्याला पोचला, की वडप्याला. जिथं टोक तिथं कोंडी, हे प्रत्येक टप्प्याला दिसत होतं. तेव्हा आम्ही समजून घेतलं. रस्ता अजून पुरा व्हायचाय म्हणत राहिलो. आता तो पुरा झाला असं आपणच जाहीर केलंय. त्यामुळे वडप्याच्या कोंडीसाठी ‘पुढचा टप्पा झाला की बघू’ ही सबब आता चालणार नाही.

आमणे हे भिवंडी तालुक्यातलं गाव. समृद्धी तिथं संपते आणि वाहनं वडप्याजवळ मुंबई–नाशिक महामार्गाला मिळतात. आता तिथं कोण कोण एकत्र येतं ते बघा. तीन पदरांवरून ताशी १२० च्या वेगमर्यादेनं आलेली आमची वाहनं. नाशिक, धुळे, इंदूरकडून येणारा जुना महामार्ग. भिवंडीच्या गोदामांतून निघणारे टेम्पो आणि कंटेनर. देशातल्या मोठ्या गोदामवस्त्यांपैकी ही एक. मुंब्रा बायपासनं कळंबोली आणि जेएनपीटी बंदराकडं जाणारे ट्रेलर. आणि रोज कामाला जाणारी स्थानिक माणसं, ज्यांचा नागपूरशी काही संबंध नाही. हे सगळं एका रस्त्यावर: रांजनोली, माणकोली, खारेगावचा खाडीपूल, साकेतचा पूल, माजिवडा. वडपे ते माजिवडा हा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा आठपदरी करायचा आणि शिवाय दोन्ही बाजूंना सेवारस्ते द्यायचे, असं काम कित्येक वर्षं चालू आहे. त्याच्या मुदती किती वेळा वाढल्या हे आपल्या कागदांवर असेलच. काम अवघड आहे हे कळतं. चालू वाहतुकीत पूल रुंद करणं म्हणजे पोरखेळ नाही. पण नागपूरहून निघालेला रस्ता तिथं येऊन पडणार आहे हे काही २०२५ मध्ये अचानक कळलेलं नाही. ७०१ किलोमीटर नव्या जमिनीवर बांधून होतात आणि त्याच्या तोंडाशी असलेले २४ किलोमीटर मागं राहतात, तेव्हा कुठलं काम आधी करायचं याचा क्रम चुकला होता, असंच आम्ही समजायचं ना?

शहापूरच्या खुटघर इंटरचेंजला आधीच उतरून बघा, असा सल्ला कुणीतरी देतंच. उतरून उपयोग नाही, कारण तो जुना नाशिक महामार्गही शेवटी वडप्यालाच येतो. काहीजण पडघ्यावरून गांधारी पुलानं कल्याणात शिरतात. पेशंट घेऊन कल्याणच्या गल्ल्यांतून जाण्यापेक्षा मी माणकोलीला उभा राहतो.

एक उफराटी गोष्ट सांगतो. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केला. त्यामुळे आनंदनगरला माझी गाडी आता पैशासाठी थांबत नाही. चांगलं झालं. म्हणजे आमच्या प्रवासात जिथं गाडी धावते तिथं पैसे लागतात आणि जिथं थांबते तिथं फुकट आहे! पैसे देण्याला माझी ना नाही. समृद्धीवर मोटारीला सुरुवातीला किलोमीटरमागं १ रुपया ७३ पैसे होते, १ एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले. नागपूर ते आमणे सगळा रस्ता धरला तर १,४४५ रुपये. भाडं ठरवताना मी ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, आणि कुणी कुरकुर केली तर वाचलेलं डिझेल आणि वेळ दाखवून देतो. पण गिऱ्हाइकाला वेळेचा हिशेब दाखवायचा तर तो आमण्यापर्यंतचाच दाखवता येतो. ‘नागपूर–मुंबई आठ तासांत’ हे आम्ही जाहिरातीत वाचलं, भाषणांत ऐकलं. ते आठ तास नागपूरबाहेरच्या शिवमडक्यापासून आमण्यापर्यंतचे आहेत. कुणी शिवमडक्यात राहत नाही आणि आमण्याला कुणाचा नंबर नसतो. (या दोन्ही गावांतल्या लोकांनी राग मानू नये. उलट त्यांच्या शेतांवरच हा सगळा थाट उभा आहे.)

नागपूरच्या टोकाला कोंडी इतकी नाही, म्हणून थोडक्यात. शून्य मैलाचा दगड सीताबर्डीला आहे आणि समृद्धीचा शून्य बिंदू हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याला. मध्ये वर्धा रोड, मिहान, बाह्यवळण रस्ता. नवख्या माणसाला शहरातून निघून समृद्धीवर चढायचं कुठं हे नीट कळत नाही. शिवाय पुढं गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडं हाच महामार्ग वाढवायची आपली योजना आहे. तेव्हा भंडाऱ्याचा माणूस नागपूर शहरात न शिरता शिवमडक्याला कसा पोचेल, याचं उत्तर त्या नव्या रस्त्यांच्या भूमिपूजनाआधी मिळावं.

आता मधली दारं. समृद्धीवर कुठंही चढता-उतरता येत नाही. इंटरचेंजलाच चढायचं, इंटरचेंजलाच उतरायचं, आणि जेवढं अंतर कापलं तेवढा टोल द्यायचा. ही पद्धत न्यायाची आहे. पण एक इंटरचेंज चुकलं की पुढचं सरासरी तीसेक किलोमीटरवर. म्हणून पाट्या अशा हव्यात की परगावच्या माणसाला एका नजरेत कळेल. आमच्याकडच्या गावांच्या नावांनी यात मोठी गंमत केली आहे. या महामार्गावर ‘मालेगाव’ आहे, ते वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव जहांगीर. मुंबईचा माणूस मालेगाव म्हटलं की नाशिक जिल्हा समजतो. ‘कारंजा’ आहे, ते कारंजा लाड. वर्धा जिल्ह्यात दुसरं कारंजा आहे, घाडगे. आणि कहर म्हणजे वर्धा जिल्ह्यात ‘विरूळ’ इंटरचेंज आहे, तर लेण्यांचं ‘वेरूळ’ बघायला उतरायचं असतं ते छत्रपती संभाजीनगरजवळ, माळीवाड्याला किंवा सावंगीला. रात्री ताशी १२० नं जाताना एका वेलांटीचा फरक कुणाला दिसणार? नकाशावाल्या ॲपला बोलून सांगितलं तर तेही गोंधळतं. लोणार सरोवर बघायला जगभरातून माणसं येतात. त्यांनी मेहकरला, म्हणजे फर्दापूरला, उतरायचं असतं. पाटीवर गावाच्या नावाखाली जिल्हा लिहा, जवळचं मोठं ठिकाण लिहा, आणि ते दोन पाट्या आधीपासून लिहा. याला फार पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो पुढच्या गोष्टीला. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर समृद्धीवर चालत नाहीत. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. म्हणजे रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या बहुतेक माणसांना हा रस्ता वापरायचा तर एकच मार्ग: कुणाच्या तरी बसमध्ये बसून. पण ही बस थांबते कुठं? रात्री दोन-तीन वाजता ट्रॅव्हल्सवाले इंटरचेंजच्या वळणावर माणसं उतरवतात, कधीकधी महामार्गाच्या कडेलाच. डोक्यावर बॅग, कडेवर लेकरू, काळोखात रॅम्पवरून चालत खाली येणारं कुटुंब माझ्या हेडलाइटमध्ये अचानक दिसतं तेव्हा माझे हातपाय गार पडतात. त्या बसवाल्याला दंड करा, जरूर करा. पण थांबायला जागा दिल्याशिवाय नुसत्या दंडानं हे बंद व्हायचं नाही. टोलनाक्याच्या बाहेर, जोडरस्त्यावर, एक शेड, एक दिवा, एक संडास आणि बस वळवायला जागा. एसटीनंही तिथं फेरी जोडावी. तालुक्याच्या गावाहून रात्रीची एक गाडी इंटरचेंजला गेली तरी किती माणसांची सोय होईल.

खरं तर याहून मोठं स्वप्न आपणच दाखवलं होतं. इंटरचेंजच्या भोवती कृषी समृद्धी नवनगरं होणार होती: गोदामं, शीतगृहं, कारखाने, शाळा. आमच्या जिल्ह्यात साब्रा-काब्रा आणि सावरगाव माळ ही नावं त्यात होती. लोकांनी जमिनी दिल्या त्या नुसत्या डांबर-सिमेंटसाठी दिल्या नाहीत, त्या दाराशी काहीतरी उभं राहील म्हणून दिल्या. त्याचं काय झालं, याचं सरळ उत्तर आजवर आमच्या कानावर आलेलं नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचं पत्र पुरं होत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा मी इथं करणार नाही. पण तेव्हापासून आमच्या भागातली गाडीवाली माणसं एकमेकांना विचारतात: उद्या पुन्हा असं घडलं आणि बाहेरून अँब्युलन्स, अग्निशमनची गाडी किंवा नुसती चार धडधाकट माणसं आणायची झाली, तर दोन इंटरचेंजच्या मधोमध कुठून शिरायचं? दोन्ही बाजूंना कुंपण. कुलूप असलेली, पोलीस पाटलाकडं किल्ली असलेली आपत्कालीन फाटकं ठरावीक अंतरावर असावीत आणि ती कुठं आहेत हे लगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माहीत असावं.

ती बस पुण्याला चालली होती, यातही एक मुद्दा आहे. विदर्भातून पुण्याला जाणारी माणसं मुंबईला जाणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. इंजिनिअरिंगची पोरं, आयटीतली पोरं, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले कामगार. ही सगळी समृद्धीनं छत्रपती संभाजीनगरपर्यंत येतात आणि मग अहिल्यानगर रोडला लागतात. त्या रस्त्याची गत मी वेगळी सांगायला नको. पुणे–छत्रपती संभाजीनगर द्रुतगती मार्गाची घोषणा होऊन बराच काळ लोटला. समृद्धीचं हे न लिहिलेलं तिसरं टोक आहे आणि त्याला वाली नाही.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की आणखी रस्ते येऊन समृद्धीला मिळणार आहेत. जालन्याहून नांदेडला जाणारा द्रुतगती मार्ग. वाढवण बंदराला समृद्धीशी जोडणारा रस्ता. आमण्याच्याच परिसरातून जाणारा वडोदरा–मुंबई द्रुतगती मार्ग. तो पनवेलजवळच्या मोरब्यापर्यंत पुरा झाला की जेएनपीटीचे ट्रेलर ठाण्यात न शिरता जाऊ शकतील, ही त्यातली आशेची गोष्ट. पण बाकीचे रस्ते आणखी वाहनं आणून समृद्धीवर टाकतील आणि ती शेवटी त्याच आमण्याला येतील.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

वडपे–माजिवडा पट्टा कोणत्या तारखेला पुरा होणार ती तारीख जाहीर करा, आणि प्रत्येक पुलाची वेगळी. मुदत वाढली तर का वाढली तेही त्याच ठिकाणी लिहा.

तो पट्टा पुरा होईपर्यंत इगतपुरी ते आमणे या शेवटच्या ७६ किलोमीटरचा टोल हलक्या वाहनांना माफ करा. सध्याच्या दरानं हे साधारण दीडशे रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण महसूल थांबला की कामाला गती येते असा आमचा सर्वसाधारण अनुभव आहे. रुग्णाला घेऊन जाणाऱ्या खासगी वाहनांना हॉस्पिटलचं कार्ड दाखवून सवलत मिळाली तर दुधात साखर; नाही मिळाली तरी त्यासाठी अडून बसणार नाही.

इगतपुरीच्या बोगद्याआधी आणि खुटघरआधी मोठे फलक लावा: वडपे ते माजिवडा या क्षणी किती मिनिटं. रांग किती आहे हे नाक्यांवरच्या कॅमेऱ्यांना दिसतं, ते आम्हालाही दिसू द्या. कासवगतीनं जायचंच असेल तर पेशंटला इगतपुरीला उतरवून चहा पाजता येईल, औषध देता येईल.

ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत बंदी असते. बंदीच्या तासांत ट्रक थांबतील अशी मोठी पार्किंगची जागा आमण्याच्या अलीकडं द्या, पाणी, संडास आणि जेवणासह. ट्रकवालाही माणूसच आहे. त्याला जागा नाही म्हणून तो कडेला उभा राहतो आणि मग एक पदर जातो.

पाट्या, बसथांबे आणि आपत्कालीन फाटकांबद्दल वर लिहिलंय ते मागणी म्हणूनच धरावं. नवनगरांचं काय ते एकदा लेखी सांगा. होणार नसतील तर तसं सांगा.

जाहिरातीत आणि पाटीवर प्रवासाचा वेळ लिहिताना तो शहरापासून शहरापर्यंतचा लिहा: सीताबर्डी ते ठाणे, किंवा सीताबर्डी ते परळ. जो काही असेल तो.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. यापुढं समृद्धीला मिळणाऱ्या किंवा समृद्धीतून फुटणाऱ्या कोणत्याही रस्त्याचं उद्घाटन, त्या रस्त्याची वाहनं पुढं ज्या रस्त्यावर पडणार आहेत त्याचं काम पुरं होईपर्यंत करू नका. अगदी करायचंच असेल तर टोल त्या दिवसापासून सुरू करा, ज्या दिवशी पुढचा रस्ता तयार होईल. हा नियम लेखी करा आणि निविदेतच घाला.

उत्तर मला एकट्याला पाठवू नये. ते फर्दापूरच्या टोलनाक्यावर, पावती मिळते तिथं, मराठीत लावावं. आम्ही रोज तिथूनच जातो, वाचू.

आपला,
मेहकरचा एक गाडीवाला